प्रवासाहून घरी आलेला ताप: हज, उमरा आणि परदेश प्रवासातले संसर्गजन्य आजार

हाजीसाहेब परत आले की आपल्याकडे घर कसं भरून जातं, हे वेगळं सांगायला नको. विमानतळावर हार घेऊन वीस जण, घरी पोहोचेपर्यंत पन्नास. प्रत्येक जण मुसाफा करतो, गळाभेट घेतो. मुलांच्या हातात खजूर पडतो, छोट्या कपांतून जमजम फिरतं. हाजीसाहेबांचा आवाज बसलेला असतो, मधूनमधून खोकल्याची उबळ येते. "तिथली हवाच तशी," असं कुणीतरी म्हणतं आणि विषय तिथंच संपतो.

गेल्या वर्षी आमच्या वर्गातला एक मुलगा दहा दिवस शाळेत आला नाही. विचारपूस केली तेव्हा कळलं की त्याचे नाना उमरा करून आले होते. त्यांना ताप-खोकला होता, तो आठवड्याभरात उतरला. पण पाठोपाठ नानींना न्यूमोनिया झाला. नानींना बऱ्याच वर्षांची शुगर. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "अलीकडे कुठे प्रवास केला होता का?" घरच्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "नाही." नानी तर महिनाभर उंबरठ्याबाहेरही पडल्या नव्हत्या. प्रवास नानांनी केला होता, हे बोलण्यात निघायला तिसरा दिवस उजाडला. नानी बऱ्या होऊन घरी आल्या, अल्हम्दुलिल्लाह. पण मुलाच्या फुफीच्या लग्नासाठी साठवलेले पैसे त्यात संपले.

त्या एका "नाही"मुळे हा लेख लिहावासा वाटला. प्रवासात लागलेला आजार मुसाफिरापाशी थांबत नाही. तो घरी राहिलेल्या दादी-नानीला, तान्ह्या बाळाला, गरोदर सुनेला गाठतो. सार्वजनिक आरोग्यावर प्रवासजन्य आजारांचा भार पडतो असं म्हणतात, त्या भाराचा मोठा हिस्सा अशा माणसांवर असतो. हा भार बऱ्याच अंशी टाळता येतो. कसा, ते पाहू.

जहाजाचे दिवस आणि विमानाचे तास

हा प्रश्न आजचा नाही. १८६५ साली हजच्या काळात मक्केत कॉलरा पसरला. त्या वर्षी जमलेल्या सुमारे ९० हजार हाजींपैकी अंदाजे १५ हजार दगावले, असं तेव्हाच्या नोंदींवरून सांगितलं जातं. परतणाऱ्या जहाजांबरोबर रोग इजिप्तला गेला, तिथून युरोपात आणि पुढे अमेरिकेपर्यंत. घाबरलेल्या देशांनी १८६६ मध्ये इस्तंबूलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरवली. पुढे १८८२ मध्ये तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर क्वारंटाइन केंद्र सुरू झालं. हिंदुस्थानातून निघालेली हाजींची जहाजं तिथं थांबवली जात आणि हाजींना काही दिवस बेटावर काढावे लागत.

त्या काळी हजचं सर्वांत मोठं बंदर आपली मुंबई. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९७ मध्ये इंग्रज सरकारनं इथून हजला जाण्यावर बंदी घातली. त्याच वर्षी डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावानं ओळखली जाते. म्हणजे हज, प्रवास, साथ आणि लस यांचं नातं आपल्या शहराच्या इतिहासातच आहे.

मुंबई-जेद्दा जहाजसेवा १९९५ नंतर बंद झाली. आता विमान साधारण पाच तासांत पोहोचवतं. या सोयीत एक गोम आहे. जहाजाच्या प्रवासात इतके दिवस जात की अनेक आजार वाटेतच बाहेर पडत. आज फ्लूची लक्षणं दिसायला एक ते चार दिवस लागतात, डेंग्यूला चार ते दहा, टायफॉइडला एक ते चार आठवडे आणि कावीळ अ प्रकाराला दोन ते सात आठवडे. विमानतळावर ताप मोजणारं यंत्र कितीही चांगलं असलं तरी ज्याला अजून ताप आलेलाच नाही त्याला ते कसं पकडणार? पूर्वी जे काम कामरान बेटावर व्हायचं, ते आता आपल्या घरात करायचं आहे.

मेनिन्जायटिस: सर्टिफिकेटपुरती लस नाही

मेनिन्जायटिस म्हणजे मेंदूच्या आवरणाला येणारी सूज. मेनिंगोकोकस नावाचा जिवाणू ती फार वेगानं आणतो. सकाळी ताप आलेला माणूस रात्रीपर्यंत बेशुद्ध होऊ शकतो. उपचार मिळूनही दहा रुग्णांमागे साधारण एक दगावतो. वाचलेल्यांपैकी काहींना बहिरेपण येतं, काहींचे हात-पाय निकामी होतात.

हा जिवाणू निरोगी माणसाच्या नाका-घशातही राहू शकतो. अशा माणसाला स्वतःला काहीच होत नाही, पण खोकला, शिंक आणि जवळच्या सहवासातून तो दुसऱ्याला देतो. १९८७ च्या हजमध्ये या आजाराची मोठी साथ आली. त्यानंतर सौदी सरकारनं लस सक्तीची केली. त्या लसीत अ आणि क हे दोन प्रकार होते. २००० आणि २००१ मध्ये डब्ल्यू-१३५ नावाच्या वेगळ्याच प्रकारानं साथ आली. एकट्या २००० साली हाजी आणि त्यांच्या संपर्कातले लोक मिळून ४०० हून अधिक जण निरनिराळ्या देशांत आजारी पडले. ब्रिटन आणि फ्रान्समधल्या रुग्णांत स्वतः हजला न गेलेले, पण हाजींच्या घरात राहणारे लोक बरेच होते. तेव्हापासून अ, क, डब्ल्यू आणि वाय या चारही प्रकारांची लस मागितली जाते.

आता यात काय राहिलं, असं वाटेल. पण २०२४ च्या वसंतात अमेरिका, फ्रान्स आणि ब्रिटन या तीन देशांत मिळून उमराशी संबंधित १२ रुग्ण आढळले. त्यातले दहा जण सौदीला जाऊन आले होते आणि दोघं त्यांच्या जवळच्या संपर्कातले होते. ज्या नऊ जणांच्या लसीची माहिती मिळाली, त्या नऊपैकी एकानंही लस घेतलेली नव्हती.

आपल्याकडेही हीच फट आहे. हज कमिटीतर्फे जाणाऱ्यांसाठी जिल्ह्यात लसीकरण शिबिर होतं, तिथं मेनिन्जायटिसची लस आणि पोलिओचे थेंब दिले जातात. उमराला जाणारा मात्र टूरवाल्यावर विसंबतो. व्हिसा मिळाला, तिकीट मिळालं, लसीचं कुणी विचारलंच नाही, म्हणून राहून जातं. काही जण पैसे देऊन नुसता कागद मिळवतात. कागदानं कुणाचं संरक्षण होत नाही. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यायला हवी, कारण शरीराला ताकद तयार करायला तेवढा वेळ लागतो. लसीचे दोन प्रकार मिळतात. साध्या, म्हणजे पॉलिसॅकराइड लसीचं प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं, कॉन्जुगेट लसीचं पाच वर्षं. शिवाय घशातून जिवाणू घरी नेण्याची शक्यता कॉन्जुगेट लस कमी करते. साध्या लसीचा त्या बाबतीत फारसा उपयोग नाही. घरात लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर डॉक्टरांना कॉन्जुगेटबद्दल जरूर विचारा.

घरात कुणाला हा आजार झालाच, तर त्याच्या सोबत राहणाऱ्यांना डॉक्टर प्रतिबंधक अँटिबायोटिक देतात. म्हणून आजार लपवू नये.

खोकला, फ्लू आणि मर्स

हज-उमरामध्ये सर्वांत जास्त लोकांना होतो तो श्वसनाचा संसर्ग. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी १८ लाखांवर लोक हजला होते. तवाफची दाटी, मिनाचे तंबू, एसीच्या बसेस, अपुरी झोप आणि उन्हाचा थकवा एवढं सगळं एकत्र आलं की विषाणूला आणखी काय हवं? तरुण माणूस चार दिवस खोकून बरा होतो. पण शुगर, दमा, हृदयविकार असलेल्याला फ्लूवरून न्यूमोनिया व्हायला वेळ लागत नाही. हजहून आलेल्यांचा आणि हजला गेलेल्यांचा दवाखान्यात भरती होण्यामागे न्यूमोनिया हे एक मोठं कारण आहे. म्हणून साठीच्या पुढच्यांनी आणि जुना आजार असलेल्यांनी फ्लूची लस घ्यावी, न्यूमोनियाच्या लसीबद्दल विचारावं.

मर्स हा त्याच मुलुखातला आणखी एक विषाणू. २०१२ मध्ये सौदीत तो पहिल्यांदा ओळखला गेला. तो उंटांकडून माणसात येतो आणि नोंद झालेल्या रुग्णांपैकी तिघांत साधारण एक दगावतो. हजमधून त्याची साथ कधी पसरलेली नाही, हे आधी सांगतो. पण दक्षिण कोरियाचा धडा प्रत्येक घरानं लक्षात ठेवावा. २०१५ मध्ये तिथला एक गृहस्थ आखाती देशांतून परतला. ताप आला, तो एकामागून एक दवाखाने फिरला. निदान व्हायला नऊ दिवस गेले. तोवर वॉर्डातले रुग्ण, भेटायला आलेले नातेवाईक, नर्स, डॉक्टर यांना लागण झाली होती. शेवटी १८६ रुग्ण, ३८ मृत्यू आणि १६ हजारांहून जास्त लोक विलगीकरणात. सुरुवात एका मुसाफिरापासून झाली होती, जो नेमका कुठून आला हे पहिल्या काही दिवसांत डॉक्टरांपर्यंत पोहोचलं नव्हतं.

सौदीत फिरताना उंटांच्या फार्मवर जाणं आणि उंटाचं कच्चं दूध पिणं टाळावं.

"आपलंच गाव, आपल्याला काय होणार?"

प्रवास म्हटलं की हज-उमराच आठवतो, पण आपली किती घरं कुवेत, दुबई, कतार, लंडनमध्ये आहेत! मे महिन्यात रत्नागिरी-रायगडची गावं आखातातून आलेल्या मंडळींनी फुलतात. यांच्याबाबत तज्ज्ञांचं म्हणणं असं, की नातेवाइकांकडे जाणारा प्रवासी साध्या पर्यटकापेक्षा जास्त आजारी पडतो. कारण पर्यटक सावध असतो, डॉक्टरांना विचारून निघतो. आपला माणूस मात्र "आपलंच गाव" म्हणून विहिरीचं पाणी पितो, लग्नाच्या पंगतीत बसतो, बर्फाचा गोळा खातो. तिकडे जन्मलेल्या मुलांची या पाण्याशी ओळखच नसते. टायफॉइड, कावीळ, हगवण हे आजार मग सुट्टी संपवून परत जाताना सोबत जातात. ब्रिटनमध्ये सापडणाऱ्या टायफॉइडच्या रुग्णांत भारत-पाकिस्तानात नातेवाइकांकडे जाऊन आलेले सर्वांत जास्त असतात.

टायफॉइडची कॉन्जुगेट लस सहा महिन्यांच्या पुढच्या बाळालाही देता येते. कावीळ अ ची लस वर्षानंतर मिळते. येणाऱ्या मुलांच्या अम्मीला हे आधीच फोनवर सांगून ठेवा. पाणी उकळून द्या. जुलाब लागले तर ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवून घोट-घोट पाजत राहा.

डासांना पासपोर्ट लागत नाही

जेद्दामध्ये डेंग्यू १९९४ पासून आहे, मक्केतही होतो. हा डास दिवसा चावतो. इहराममध्ये अंग बरंच उघडं राहतं, त्यामुळे बिनवासाचं डासरोधक मलम सोबत असावं. इहराममध्ये सुगंध चालत नाही, म्हणून बिनवासाचंच. सॅनिटायझर आणि साबणही तसाच घ्यावा. मास्कबद्दल शंका असेल तर निघण्यापूर्वी आपल्या उलेमांना विचारून घ्यावं.

डेंग्यूच्या रुग्णाला इथं डास चावला तर तोच डास इथल्या शेजाऱ्याला डेंग्यू देऊ शकतो. यलो फीवरबाबतही सरकारला हीच भीती आहे. तो आजार भारतात नाही, पण पसरवू शकणारा डास आहे. त्यामुळे आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या ठरावीक देशांतून येणाऱ्याकडे विमानतळावर लसीचं प्रमाणपत्र मागतात. नसेल तर विलगीकरणात ठेवतात. ही लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. केनिया, युगांडा, नायजेरियात कामधंद्याला जाणाऱ्यांनी हे विसरू नये. आफ्रिकेत जाताना मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्याही डॉक्टरांकडून घ्याव्यात. काही मलेरिया परतल्यावर महिन्यांनीही डोकं वर काढतो.

लोक प्रवास का लपवतात?

हा प्रश्न टाळून पुढं जाता येणार नाही. २०२० मध्ये कोरोनाच्या सुरुवातीला एका जमातीच्या निमित्तानं आपल्या सगळ्या समाजाकडे कसं बोट दाखवलं गेलं, हे आपण विसरलेलो नाही. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवल्याचं नोंदवलं. पण तोवर मनात भीती बसली होती. "प्रवासाचं सांगितलं तर आपल्यावरच येईल," असं म्हणणारे आम्हाला आजही भेटतात.

ही भीती खोटी नाही. तरीही प्रवास लपवण्याचं नुकसान आपल्याच घराला होतं. डॉक्टरांना प्रवास कळला तर तपासणी योग्य दिशेनं जाते, औषध वेळेवर सुरू होतं. सरकारी यंत्रणेलाही साथ ओळखायला हीच माहिती लागते. २००४ पासून देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण चालतं, पण ते दवाखान्यातून आलेल्या नोंदींवरच उभं आहे. घरी पॅरासिटामॉल घेऊन झाकलेला ताप कुठल्याच नोंदीत येत नाही.

आपल्या दीनमध्ये याचा पाया फार जुना आहे. हिजरी १८ मध्ये हजरत उमर (रजि.) शामकडे निघाले असताना सर्ग या ठिकाणी त्यांना पुढं ताऊनची साथ असल्याचं कळलं. त्यांनी सहाबांशी मशवरा केला आणि काफिला माघारी वळवला. मग हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी नबी करीम (स.) यांची हिदायत सांगितली, की साथ असलेल्या मुलुखात जाऊ नये आणि आपण असू तिथं साथ आली तर तिथून पळून बाहेर पडू नये. खबरदारी घेणं हे तवक्कुलच्या विरुद्ध नाही, हे यातून स्पष्ट होतं.

घरात लावून ठेवावी अशी यादी

जाण्यापूर्वी:
- सहा आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. त्या वर्षी सौदीनं मागितलेल्या लसींची यादी पाहा.
- मेनिन्जायटिसची लस किमान दहा दिवस आधी घ्या. वयस्करांनी फ्लूची लसही घ्या.
- शुगर, बीपीची औषधं पूर्ण दिवसांची, चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा.
- ओआरएस, मास्क, बिनवासाचा साबण आणि स्वतःचं रेझर सोबत घ्या.

तिथं:
- गर्दीत मास्क लावा, हात वारंवार धुवा, कुणाच्या तोंडाचा ग्लास वापरू नका.
- हल्क करताना नवीन ब्लेडचाच आग्रह धरा. एकाच ब्लेडनं कावीळ ब, क आणि एचआयव्ही पसरू शकतात.
- ताप आला तर तिथल्या वैद्यकीय केंद्रात जा. सौदीत हाजींवर उपचार होतात, संकोच नको.

परतल्यावर:
- ताप-खोकला असेल तर तो जाईपर्यंत गळाभेट नको. सलाम लांबूनही पोहोचतो. तान्ही बाळं आणि आजारी वडीलधारी दूर ठेवा. घरातही मास्क लावा.
- तापाबरोबर मान आखडणं, उजेड सहन न होणं, अंगावर जांभळे डाग किंवा गुंगी दिसली तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.
- खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला तर थुंकीची तपासणी करा. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.
- परतल्यापासून महिनाभर घरात कुणालाही ताप आला, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आपणच सांगा: कोण, कुठून, कोणत्या तारखेला आलं.

शेवटचा मुद्दा आम्ही आता आमच्या वर्गातल्या मुलांनाही शिकवतो. दवाखान्यात घरातलं मोठं माणूस घाबरलेलं असतं, विसरतं. अशा वेळी दहा वर्षांचं पोरही म्हणू शकतं, "डॉक्टरसाहेब, माझे नाना गेल्या जुम्याला उमराहून आलेत." तो गैरहजर राहिलेला मुलगा आता हे वाक्य पाठ करून आहे.